कोरड्या एप्रिलमधली घटपर्णी

पहाटे ५:३०

उठल्यावर आधी पूर्वेकडच्या खोलीत जाऊन भिंतीवरचा हायग्रोमीटर वाचायचा, चहा मग. पुण्यात एप्रिलचा शेवटचा आठवडा चालू आहे. मीटरवर आत्ता २४ अंश तापमान आणि ७८ टक्के आर्द्रता दिसते आहे. काल दिवसभरातला सर्वांत खालचा आकडा ५४. गॅलरीत टांगलेल्या दुसऱ्या मीटरने काल दुपारी ३९ अंश आणि १७ टक्के नोंदवले आहेत. बाहेर १७ असताना आत ५४ राखणं, हीच माझी एप्रिल-मे महिन्यांतली नोकरी.

खोली म्हणजे फ्लॅटमधली तिसरी बेडरूम. तिथे आता लोखंडी मांडण्यांवर घटपर्णी आहेत, विकायच्या आणि न विकायच्या. पानाच्या टोकाला तणावा, तणाव्याच्या टोकाला झाकण असलेला घट, घटात पाणी आणि पाण्यात मुंग्या. शास्त्रीय नाव नेपेंथिस. मादागास्करपासून बोर्निओ, फिलिपिन्सपर्यंत तिच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. भारतात रानात वाढणारी एकच, तीही मेघालयात. आपल्या कासच्या पठारावरची सीतेची आसवं आणि दवबिंदू हीसुद्धा किडे खाणारीच, पण पठार वाळलं की त्यांचा कारभार आटोपतो. घटपर्णीला बारा महिने ओलसर हवा हवी असते.

आर्द्रतेच्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली तर अर्धी धावपळ वाचते. टक्का हवेतलं पाणी मोजत नाही. त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते त्याचा किती हिस्सा भरला आहे, ते सांगतो. ३४ अंशाला ३५ टक्के दाखवणारी हवा थेंबभर पाणी न घालता २२ अंशांपर्यंत निवली, तर तोच मीटर ७० टक्के दाखवेल. म्हणून पहाटेचा चांगला आकडा पाहून मी हुरळून जात नाही. तो रात्रीने फुकट दिलेला असतो. खरी परीक्षा दुपारी.

मीटरही तपासून घ्यावा लागतो. दुकानातून आणलेले दोन मीटर शेजारी ठेवले तर त्यांचं क्वचितच पटतं. एका झाकणात मीठ घ्यायचं, ते भिजून चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं, आणि मीटरसकट घट्ट डब्यात बंद करून दिवसभर ठेवायचं. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ६९ दाखवत असेल तर त्याच्या पाठीवर ‘+६’ लिहून ठेवायचं, एवढंच.

सकाळी ६:१५

पाण्याची वेळ. घरगुती घटपर्णीचं बरंवाईट इथेच ठरतं, म्हणून या तासाला मी फोन घेत नाही.

पहिला प्रश्न कुठलं पाणी. घटपर्णी निकृष्ट, पावसाने धुऊन गेलेल्या जमिनीवर वाढते. तिथे मुळांना क्षार मिळत नाहीत, म्हणून तर ती नायट्रोजनसाठी किड्यांच्या मागे लागली. तिच्या मुळांना क्षार पचवायची सवय नाही. आमच्याकडे नळाला धरणाचं पाणी येतं तेव्हा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ९०च्या आसपास दाखवतो, आणि उन्हाळ्यात टँकर आला की ६००च्या वर जातो. मी ५०च्या आतलं पाणीच घालते. १००पर्यंतचं पाणी दणकट संकर सहन करतात, पण कुंडीतून पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे आजचं ९० सहा महिन्यांनी मॉसमध्ये कितीतरी जास्त झालेलं असतं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं आणि पानांची टोकं करपलेली दिसली की समजावं.

‘आमच्याकडे आरओ आहे’ असं म्हणून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्यांना मी आधी मीटर बुडवायला सांगते. घरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत पाणी गोड लागावं म्हणून न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळायची सोय असते, किंवा खनिजं घालणारी नळकांडी असते. माणसाला ते बरं, झाडाला नाही. स्वयंपाकघरातल्या तयार नळाला १२० आणि त्याच यंत्राच्या पडद्यानंतर लगेच काढलेल्या नळीला १५, असं होऊ शकतं. मी मेकॅनिककडून तशी वेगळी नळी काढून घेतली आहे.

दुसरा प्रश्न किती आणि कधी. वेळापत्रक नाही. प्रत्येक कुंडी उचलायची. पाणी प्यालेली कुंडी आणि तहानलेली कुंडी यांतला फरक हाताला दोन आठवड्यांत कळायला लागतो, बोट खुपसून पाहण्यापेक्षा ते भरवशाचं. वरचा थर फिका पडू लागला आणि वजन उतरलं, पण आत अजून गारवा आहे, ती वेळ. मग वरून सावकाश पाणी घालायचं, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत. या वाहून जाण्याला महत्त्व आहे, साचलेले क्षार त्याच्याबरोबर निघतात आणि मागोमाग हवा आत ओढली जाते. आणि मग खालची ताटली रिकामी करायची.

ताटलीतल्या पाण्यावरून माझे लोकांशी सर्वांत जास्त वाद होतात. अमेरिकेतली सारासेनिया दलदलीत वाढते, तिला ताटलीत पाणी चालतं. ती वाचून आलेला माणूस घटपर्णीलाही तसंच बसवतो. पण बहुतेक घटपर्णी उतारांवर, मॉसच्या गाद्यांवर, काही तर झाडांच्या फांद्यांवर वाढतात. पाणी येतं खूप, पण थांबत नाही. मुळं बारीक, ठिसूळ आणि मुळातच काळी असतात. ती काळी दिसली म्हणून कुजली असं नाही. दाबल्यावर पिचून लगदा झाला तर कुजली. बोर्निओच्या दलदलीच्या जंगलांतली अँप्युलॅरिया आणि बायकॅल्कॅराटा जरा जास्त ओल सहन करतात, त्यांच्या कुंड्या मी कधी पूर्ण उतरू देत नाही. व्हेंट्राटाला, म्हणजे नर्सऱ्यांमध्ये सगळीकडे मिळणाऱ्या त्या लालसर घटाच्या संकराला, थोडी ओढ बसू देते.

कुंड्या प्लास्टिकच्या. मातीची कुंडी दिसते छान, पण एप्रिलमध्ये अंगातून पाणी सोडून मॉस सुकवते आणि क्षार धरून ठेवते. आत लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस, परलाइट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडणाचे तुकडे आणले की बादलीत भिजत घालायचे, पाणी बदलायचं, आणि बादलीतल्या पाण्याचा टीडीएस खाली येईपर्यंत हे चालू ठेवायचं, कारण त्यात मीठ असतं. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नाही.

सकाळी ७:४५

चहा. सासूबाई एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली दाखवतात. “हे पाणी घाल ना, फुकट चाललंय.” मीटरवर ते पाणी २० दाखवतं, आरओपेक्षा फार वेगळं नाही. पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून आणि तिथल्या बुरशीवरून घरंगळत आलेलं असतं, आणि धातू किती उतरला हे टीडीएस मीटर सांगत नाही. “आई, याने लादी पुसू या,” म्हणते. त्यांना ते पटत नाही, पण लादी पुसली जाते.

सकाळी ९:१५

फोन आणि फोटो. आज नागपूरहून एक गृहस्थ, निवृत्त प्राध्यापक असावेत, आवाजावरून.

“ताई, तुमच्याकडून नेलेल्या झाडाचे सगळे घट वाळले. दिवसातून चार वेळा फवारतोय. कुंडीही कोरडी पडू देत नाही.”

“काका, ताटलीत पाणी आहे?”

“भरपूर.”

“ते आधी ओतून टाका. आणि सगळ्यांत नव्या पानाच्या टोकाचा फोटो पाठवा. जुन्या घटांचा नको.”

जुने घट वाळणं ही बातमीच नाही. दमट खोलीतून कोरड्या घरात गेलेलं झाड आधीचे घट टाकून देतं. एरवीही काही महिन्यांत घट वरून खाली तपकिरी होत जातो. झाडाचं आज काय चाललं आहे ते नव्या पानाच्या टोकाला कळतं. फोटो आला. पान हिरवंगार, तणावा लांब, टोकाला मोहरीएवढी गाठ, आणि गाठ काळी पडून सुकलेली. म्हणजे झाडाने घट करायला घेतला होता, हवा कोरडी म्हणून सोडून दिला.

आता यात काकांनी केलं काय? हवा कोरडी आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं, आणि त्यावर उपाय म्हणून कुंडीत पाणी ओतलं. घटपर्णीची पाण्याची दोन खाती असतात, मुळांचं वेगळं आणि हवेचं वेगळं, आणि एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही. हवा कोरडी असली की पान पाणी गमावतं हे खरं, पण पाण्यात बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेली मुळं पानाला पाणी पोचवत नाहीत. झाड सुकल्यासारखं दिसतं, माणूस आणखी पाणी घालतो. माझ्याकडे ‘वाचवा’ म्हणून आणलेल्या झाडांपैकी तहानेने मेलेली थोडी, या प्रेमाने मेलेली जास्त.

आणि फवारणी? नागपुरात एप्रिलमध्ये पानावरचा फवारा पाच-दहा मिनिटांत उडतो, आणि त्याबरोबर खोलीचा आकडाही जागेवर येतो. गोट्यांच्या ताटलीत पाणी ठेवायच्या युक्तीचंही तेच, दोन इंचांवर थोडा फरक, हातभर अंतरावर शून्य. काकांना मी जुन्या मासे पाळायच्या काचेच्या टाकीत झाड ठेवायला सांगितलं, वर काच अर्धी सरकवून, आणि टाकी उन्हात नको म्हणून तीनदा बजावलं. बंद काच आणि थेट ऊन यांत झाड तासाभरात शिजतं.

“आणि काका, घटात पाणी ओतलंय का?”

थोडा वेळ शांतता. “काठोकाठ.”

घट उघडायच्या आधीच त्याच्या आत झाडाने स्वतःचा रस भरलेला असतो. त्यात पाचक द्रव्यं असतात, काही जातींत तो इतका चिकट असतो की पडलेल्या माशीला वर येता येत नाही. त्यात पाणी घालून तो पातळ करायचं काही कारण नाही. प्रवासात रस सांडला असेल तरच तळाशी थोडं आरओचं पाणी, पाव भागाच्या वर नको.

दुसरा फोन दादरचा. त्या बाईंच्या घरात आर्द्रता ७०च्या वर असते, समुद्राची कृपा, तरी वर्षभर एक घट नाही. मी विचारलं झाड कुठे आहे. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी, खिडकीपासून बारा फुटांवर. मग हवेचा काय दोष? घट करणं झाडाला महागात पडतं आणि ती किंमत उजेडातून येते. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं कोवळं ऊन लागू द्या, नाहीतर पांढरा एलईडी हातभर उंचीवर दिवसाला बारा तास. मुंबई-कोकण-गोव्यात घट येत नसतील तर आधी उजेड बघा. विदर्भ-मराठवाड्यात येत नसतील तर आधी हवा. पुणं अधेमध्ये, महिन्यावर अवलंबून.

सकाळी ११:००

कुंड्या बदलण्याचं काम. मॉस वर्ष-दीड वर्षात कुजून घट्ट बसतं, मग पाणी वरून घातलं तरी आत हवा जात नाही. कोमट पाण्यात गठ्ठा बुडवून मुळं सुटी करायची, ओढायची नाहीत. आज पाच कुंड्या ठरवल्या होत्या, दोनच झाल्या, कारण मध्ये एक तरुण येऊन बसला. त्याला नेपेंथिस राजा हवी आहे.

सगळ्यांनाच हवी असते. तिच्या घटात दोन लिटरच्या वर पाणी मावतं. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावर १५०० मीटरच्या वर ती वाढते. व्हीच या इंग्रज नर्सरीसाठी फ्रेडरिक बर्बिजने १८७८ मध्ये ती विलायतेला नेली, आणि तेव्हापासून हौशी लोक तिच्यापायी पैसे घालवत आले आहेत. त्या काळी उष्ण कटिबंधातलं झाड म्हटलं की कोळशाची भट्टी लावून तापवलेल्या काचघरात कोंडायची पद्धत होती. पण किनाबालूच्या उतारावर दिवसा ऊबदार आणि रात्री १०-१५ अंश असतात. पुण्यात आज रात्री २३ असेल. राजाला इथे जगवायची तर रात्रभर एसी, आणि एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणून वर ह्युमिडिफायर. एक यंत्र काढणार, दुसरं घालणार, बिल तू भरणार.

“मग आपली मेघालयवाली खासियाना?”

ती हवामानाने इथे चालेलही, दणकट आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने १८७३ मध्ये तिचं वर्णन केलं, खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत ती वाढते, बाघमाऱ्याला तिच्यासाठी छोटं अभयारण्य आहे. पण वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात तिचं नाव आहे, परवान्याशिवाय लागवड किंवा विक्री करता येत नाही, आणि धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही राजाबरोबर तीच. ऑनलाइन ‘खासियाना’ म्हणून विकतात ती झाडं एकतर खासियाना नसतात, नाहीतर विकायला नको असतात. मुलगा व्हेंट्राटाचं रोप घेऊन गेला. राजाचा विषय त्याने सोडला आहे असं मला वाटत नाही.

दुपारी १:३०

आता लढाई. गॅलरीतला मीटर ३९ अंश, १६ टक्के. खोलीत ३२ आणि ५७. खिडक्या अकरालाच बंद केल्या आहेत, काचेवर पांढरा पडदा आहे आणि कूलर चालू आहे.

हो, कूलर. वाळ्याच्या ताट्या आता मिळत नाहीत, गवताच्या पॅडचा साधा कूलर. विदर्भातल्या माणसाला यात काय विशेष असं वाटेल, पण आर्द्रता म्हटली की लोक आधी ऑनलाइन जाऊन धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र घेतात. त्या यंत्रात पाण्याचे सूक्ष्म थेंब होतात, आणि पाण्यातला क्षार त्या थेंबाबरोबरच हवेत जातो. थेंब उडून गेला की क्षार पानांवर, पुस्तकांवर, टीव्हीवर पांढऱ्या भुकटीसारखा बसतो. त्यात टँकरचं पाणी घालणं म्हणजे झाडावर चुना फवारणं. ते यंत्र वापरायचं तर त्यालाही आरओचंच पाणी, नाहीतर नको.

कूलरमध्ये थेंब होत नाहीत. पॅडवरून पाणी वाफ होऊन जातं, आणि वाफ क्षार घेऊन जात नाही. ते पॅडवर आणि टाकीत राहतात. म्हणून कूलरला टँकरचं पाणी चालतं, फक्त पॅड आठवड्याला धुवायचं आणि टाकीतलं खारवलेलं पाणी बदलायचं. दुसरा फायदा, हवा ओली होताना थंडही होते, आणि थंड हवेचा टक्का आपोआप वर जातो. एकाच पंख्यात दोन्ही कामं. कोरड्या उन्हाळ्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. पावसाळ्यात मात्र तो निरुपयोगी; तेव्हा हवाच पाणी घेत नाही.

कूलर सरळ झाडांवर रोखायचा नाही. तो भिंतीकडे, आणि एक छोटा टेबलफॅन खोलीतली हवा हलती ठेवायला. ८० टक्क्यांची उभी हवा बुरशीला आमंत्रण देते. ६० टक्क्यांची हलती हवा घटपर्णीला जास्त मानवते. ५० ते ६०मध्ये बहुतेक संकर घट करतात. अँप्युलॅरिया आणि बायकॅल्कॅराटा ७०च्या खाली रुसतात, म्हणून त्या दोघी मागच्या मांडणीवर प्लास्टिकच्या पडद्याच्या तंबूत.

दुपारी २:४५

खोलीत काही करण्यासारखं नसतं, म्हणून मी बसून बघते. एका व्हेंट्राटाच्या घटावर मुंग्या चढल्या आहेत. घटाच्या तोंडाशी पन्हळ्या-पन्हळ्यांचा चकचकीत काठ असतो, त्यावर गोड रस पाझरतो. मुंगी येते, चाटते, आत डोकावते आणि सुखरूप परत जाते. एकामागून एक. झाड बिघडलेलं नाही. काठ कोरडा आहे.

बोन आणि फेडर्ले या संशोधकांनी २००४ मध्ये बायकॅल्कॅराटावर हे दाखवून दिलं. काठ कोरडा असताना त्यावरून झाडमुंग्या आरामात चालतात. ओला झाला की त्यावर पाण्याचा अखंड पातळ थर पसरतो, मुंगीच्या पायाच्या गाद्या पृष्ठभागाला टेकतच नाहीत, आणि ती घसरून आत जाते. ओल पावसाने येते, दंवाने येते, आणि काठावरचा गोड रस हवेतला ओलावा ओढतो त्यानेही येते. पुढच्या अभ्यासांतून आणखी गमतीचं निघालं. काठ दिवसाचा काही वेळ कोरडा राहणं झाडाच्या फायद्याचं असतं. टेहळणीची मुंगी जिवंत परत गेली तर ती सगळ्या वारुळाला घेऊन येते, आणि तोवर काठ ओला झालेला असतो.

म्हणजे दमट हवा नुसती घट वाढायला लागते असं नाही. घट चालवायलाही तीच लागते. २० टक्क्यांच्या बैठकीतला घट हा दाराशी माणूस नसलेला सापळा आहे. आणि दुसऱ्या बाजूने, चोवीस तास ९० टक्के ठेवायच्या मागे लागणाऱ्यांनाही हे सांगावंसं वाटतं. दुपारी थोडं उतरू द्या, रात्री चढू द्या. जंगलातही तसंच होतं.

संध्याकाळी ५:००

कुरिअर. मे संपेपर्यंत मी बाहेरगावी झाडं पाठवत नाही, आज फक्त कटिंगांची एक पेटी शहरातल्या शहरात. घटांतला रस ओतून टाकायचा, तोंडात कापूस, मुळांभोवती पिळून घेतलेलं मॉस. ओलं नाही, पिळलेलं.

सोसायटीतली मुलं खाली खेळायला उतरली की दोघं-तिघं वर येतात. खिशातून काहीतरी निघतंच. आज मेलेलं झुरळ, बरंच मोठं. घटाच्या तोंडापेक्षा मोठं भक्ष्य आत कोंबलं की ते पचायच्या आत सडतं आणि घट काळा पडतो. मुंग्या, लहान माश्या ठीक, मटणाचा तुकडा नाही. झुरळ परत गेलं. “काकू, मग बोट घातलं तर?” या प्रश्नाला वर्षानुवर्षं तेच उत्तर आहे, घाल, आणि मग साबणाने धू.

संध्याकाळी ७:१५

ऊन उतरलं, कूलर बंद, खिडक्या उघड्या. खोलीत २८ अंश, ६६ टक्के. आता आकडा आपला आपण चढेल. संध्याकाळी पाणी मी घालत नाही. रात्रभर पानांच्या बेचक्यांत पाणी राहिलं की कोंब कुजतो, विशेषतः बुटक्या, दाट पानांच्या झाडांचा. एकच अपवाद, दुपारी एखादी कुंडी हातात फारच हलकी लागली तर. आज एक लागली, मॉस नवं असल्यामुळे. तिला कडेकडेने पाणी घातलं, कोंबावर न पडू देता.

तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, तुमच्या त्या पेल्यांत डेंग्यूचे डास होत नाहीत का. प्रश्न रास्त आहे. रानात काही डासांच्या अळ्या घटपर्णीच्याच पाण्यात वाढतात, त्यांना तो रस बाधत नाही. माझ्या खोलीला जाळी आहे आणि घट मी बॅटरी पाडून पाहते. डास होतात ते ताटल्यांत, उघड्या ड्रमांत, कूलरच्या टाकीत. ताटल्या माझ्याकडे रिकाम्याच असतात आणि टाकी आठवड्याला कोरडी होते, हे त्यांना दाखवलं. झाडाच्या मुळांसाठी जे बरं तेच सोसायटीसाठीही बरं निघालं.

रात्री ९:३०

उद्या गुरुवार, पाणी येणार नाही. म्हणून आज आरओ उशिरापर्यंत चालू. घरगुती आरओ एक बादली चांगलं पाणी देताना दोन-तीन बादल्या बाजूला टाकतो. ते पाणी आमच्याकडे कूलरला, लादीला आणि संडासाला जातं, तरी टँकरच्या दिवसांत हौसेच्या झाडांसाठी इतकं पाणी गाळणं मनाला टोचतं, आणि टोचावंच.

यावर माझ्याकडचं उत्तर जूनमध्ये येतं. गच्चीवर पहिले दोन-तीन पाऊस धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतात, ते वाहू द्यायचे. मग पन्हळीखाली घट्ट झाकणाचे, तोंडाला बारीक जाळी लावलेले ड्रम भरायचे आणि अंधारात ठेवायचे. मीटरवर ते पाणी १० ते २० दाखवतं, आणि चार कुंड्यांच्या घराला दोन ड्रम दिवाळीच्या पुढेही सहज पुरतात.

वहीत नोंद केली: कमाल ३२, किमान आर्द्रता ५५, पाणी सगळ्यांना नाही. मागच्या मांडणीवरच्या अँप्युलॅरियाचं एक झाकण सुटायच्या बेतात आहे.

घटपर्णी विकत घ्यायची असेल तर एप्रिलमध्ये घेऊ नका, मी विकत असले तरी. जुलैत घ्या. हवा तेव्हा तुमच्या बाजूने असते, पाणी आभाळातून येतं, आणि झाडाला तुमचं घर ओळखायला पुढच्या मार्चपर्यंत आठ महिने मिळतात. सुरुवात व्हेंट्राटापासून करा, पूर्वेची खिडकी द्या, टीडीएस मीटर झाडाच्या आधी आणा, आणि ताटली रिकामी ठेवा.